चॅम्पियनला एक प्रमाणपत्र कमी

बाबांची स्वेच्छानिवृत्ती स्वेच्छेची नव्हती, हे बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. नवं आर्थिक धोरण आलं, सरकारी कारखान्यांना आपलीच माणसं जड झाली आणि कालपर्यंत ज्यांना पाहून अख्खं खातं उठून उभं राहायचं, ते बाबा पायजम्यात घरी बसले. केसांना कलप लावणं त्यांनी सोडलं आणि डॉबरमनचं एक पिल्लू आणलं. आई म्हणाली, "आता ह्याचीच कमी होती."

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. कुत्र्यांचा मला भारी तिटकारा होता. तो चार दिवस टिकला.

पिल्लू मोठं होता होता देखणं निघालं, तसं बाबांनी त्याला प्रदर्शनात उतरवलं. कुत्र्याच्या नावापुढे 'चॅम्पियन' लागणं ही एका दिवसाची गोष्ट नाही, हे मला तेव्हा कळलं. रिंगणात परीक्षक जबडा उघडून दात बघतो, पाठीवरून, खांद्यांवरून हात फिरवतो, पळवून चाल पाहतो. त्या जातीचा कुत्रा कसा असावा हे कागदावर लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघायचं. त्यात जो नर सरस ठरेल त्याला त्या दिवशी एक प्रमाणपत्र. अशी ठरावीक प्रमाणपत्रं जमवायची, तीही वेगवेगळ्या परीक्षकांच्या हातची, तेव्हा कुठे पदवी. आमच्या कुत्र्याला आता एकच कमी होतं, आणि त्या एकासाठी बाबांना झोप नव्हती. "स्वतःला बढती मिळाली नाही, निदान कुत्र्याला तरी मिळू दे," असं आई चिडवायची. बाबा हसायचे, पण ते खरंच होतं.

आता माझा पराक्रम सांगते. आईच्या एक मावशी आमच्याकडे यायच्या बंद झाल्या होत्या. कुत्रं फिरतं त्या घरचं पाणी पिणार नाही म्हणाल्या होत्या. आईला ते फार लागलं होतं. आमच्या घरी मोठं माणूस आलं की आधी पाया पडायचं, मग बोलायचं. मी शंकरपाळ्यांच्या लालचीवर कुत्र्याला तेच शिकवलं. पुढचे पाय पसरून तो डोकं जमिनीला टेकवायचा. त्या मावशीआजींना कसंबसं दारापर्यंत आणलं, आणि त्यानं त्यांच्या पायाशी लोळण घेतल्यावर त्या एकदम विरघळल्या. "औक्षवंत हो," म्हणाल्या. कुत्र्याला! चहाही घेतला. पुढे कुणी सांगायची गरजच उरली नाही. पांढरे केस दिसले की आमचा कुत्रा वाकलाच.

आधीचे परीक्षक काळ्या केसांचे होते, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी मैदानात बाबा इस्त्रीचा शर्ट घालून पट्टा धरून उभे होते. मोठमोठ्या गाड्यांतून आलेली, भाड्याच्या माणसांनी धरलेली कुत्री मागे पडली होती. परीक्षक जवळ आले. म्हातारे, डोकं पांढरंशुभ्र. आमच्या कुत्र्यानं पाय पसरले आणि डोकं त्यांच्या बुटांपाशी टेकवलं. लोक हसले. परीक्षकही हसले, म्हणाले, पुन्हा उभा करा. बाबांनी उभा केला. तो पुन्हा वाकला. तिसऱ्यांदाही. उभाच न राहणाऱ्या कुत्र्याला कोण प्रमाणपत्र देणार? ते शेजारच्याला गेलं. बाबांचे कान लाल झालेले मला दोरीबाहेरून दिसत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कुत्र्याला रिंगणासाठी तयार करणारे अफझलगंजचे उस्ताद शेजारीच होते. ते बाबांना म्हणाले, "साब, आठ रोज मेरे कने छोड़ो. झुक्या के नाक पे छड़ी. भूल जाताय."

"देखेंगे," बाबा म्हणाले.

पुढच्या प्रदर्शनाचा फॉर्म टेबलावर तसाच पडून राहिला. मुदतीचा शेवटचा दिवस आला तरी बाबा त्याला हात लावेनात. शेवटी मीच रडत म्हटलं, "बाबा, चूक माझी आहे. आजच सोडून येते त्याला उस्तादांकडं."

"नको," बाबा म्हणाले.

"अहो, एकच राहिलंय!"

"हौ, माहीत आहे मला." ते जरा थांबले. "सकाळी मी उठून हॉलमध्ये आलो की तो माझ्याही पाया पडतो. आता मला मान देणारा तेवढा एकच आहे. त्याला छडी मारायला लावू का?"

रोज सकाळी मी त्याच हॉलमध्ये पेपर वाचत बसलेली असायचे, आणि बाबा आले म्हणून एकदाही मान वर केली नव्हती.