सिस्टरांचं घडीचं स्टूल

या, अशा जवळ बसा बघू. दारावरून जाता, गाडीवरूनच हात हलवता आणि वर म्हणता, "काकू, वेळच नाही." वेळ काय आभाळातून पडतो? काढावा लागतो. आता आलाच आहात तर आमच्या सिस्टरांबद्दल ऐका. अख्ख्या कोल्हापुरात आपली बसायची सोय काखेत मारून हिंडणारी बाई एकच, हे मी पैजेवर सांगते. निळं, प्लॅस्टिकचं, घडीचं स्टूल, राजारामपुरीतनं आणलेलं. सिटी बसमध्ये ते बरोबर, बाजारात बरोबर, लग्नातसुद्धा बरोबर. एकदा नवरीचा मामा तोरण नीट करायला त्यावर चढला, तर भर मांडवात ह्या गरजल्या, "पावणं, उतरा खाली! ते बसायचं हाय, चढायचं न्हाय!" अक्षता टाकायला उभे राहिलेले लोक दचकून मागं सरले.

आमच्या मालकांना कुणा अनोळखी माणसाची किडनी मिळाली, तेव्हापासूनची ही ओळख. ज्याचा मेंदू कायमचा थांबला, त्याच्या घरच्यांजवळ बसायचं, त्यांना समजावायचं, ते अवयव द्यायला हो म्हणाले तर पुढची सगळी जुळवाजुळव करायची, हे सिस्टरांचं काम. आणि ती माणसं कुठं बसलेली असतात? भिंतीला टेकून, जमिनीवर. उभं राहून त्यांच्याशी बोलणं म्हणजे हुकूम सोडल्यासारखं वाटतं, म्हणून सिस्टर स्टूल उघडतात, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. आधी रडू देतात. "चहा घेतला का?" एवढंच विचारतात. नाही म्हणणाऱ्यांनाही रिक्षापर्यंत सोडायला जातात.

पण स्टूल घेतलं ते यासाठी नव्हे. रविवारी माझ्याकडं भाकरी खायला आल्या की हळूहळू सांगतात. दर सोमवारी दवाखान्यात मोठ्या टेबलाभोवती डॉक्टरांची बैठक असते. सगळ्यांना खुर्च्या, सिस्टर दाराशी उभ्या. "जागा कुठं आहे, सिस्टर?" मोठे डॉक्टर म्हणायचे. माणूस वाईट नाही हो. मालकांना त्यांच्याच हातानं जीवदान मिळालं. पण औषध कंपनीचा माणूस आला की खुर्ची बरोबर निघायची. सिस्टर कोडोलीच्या, बौद्ध घरातल्या, त्या घरातल्या पहिल्या नर्स. मला म्हणाल्या, "आडनाव सांगितलं की खोली बारीक होती, आक्का." मी भाकरी थापायची थांबले. त्या मात्र ठेचा वाढून घेत होत्या.

शेवटी त्यांनी हे स्टूल आणलं आणि बैठकीत उघडलं. ते इतकं बुटकं की टेबलावर नुसता अंबाडा दिसायचा. सगळे हसले, ह्याही हसल्या. एका तरुण डॉक्टरीणबाईला मात्र राहवलं नाही, ती आपली खुर्ची सोडून उठली. तर सिस्टर म्हणाल्या, "बसा बाळ. उठून दिलेली नको. मांडलेली पायजे." असलं खूळ! पाठ दुखायची, पण त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. मी मालकांच्या तपासणीला गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. अवयव देणाऱ्याला ऑपरेशनला नेताना सगळ्यांनी दोन्ही बाजूंना हात जोडून उभं राहायचं, ही रीत तिथं सिस्टरांनीच पाडली. त्या दिवशी एका तरण्या मुलाला नेत होते. मागनं चालणारी त्याची आई मधेच डगमगली. सिस्टरांनी झटक्यात स्टूल उघडलं, तिला बसवलं आणि तिचा हात धरून उभ्या राहिल्या. झाडणारी बाई उभी, मोठे डॉक्टर उभे, मीही उभी. त्या एवढ्या माणसांत बसलेली एकटी ती आई.

आईला घेऊन सिस्टर पुढं गेल्या आणि स्टूल तिथंच राहिलं. ते मोठ्या डॉक्टरांनी स्वतः उचललं. त्यांना त्याची घडीच घालता येईना! तसंच उघडं घेऊन किती तरी वेळ ते बघत उभे होते.

पुढच्या सोमवारी टेबलाशी एक खुर्ची जास्त होती. प्लॅस्टिकचं वेष्टनसुद्धा काढलेलं नव्हतं. सिस्टर बसल्या.

मी आनंदानं शिरा केला, तर ह्यांना पुढची काळजी. दिवाळीला रिटायर व्हायच्यात. माझ्या जोत्यावर पाय सोडून म्हणाल्या, "खुर्ची मला दिली का ह्या कामाला दिली, ते मी गेल्यावर कळंल, आक्का. माझ्या जागी येणारी पोरगीबी आमच्यातलीच हाय. तिला मांडतील न्हवं?"

मी त्यांना आणखी शिरा वाढला.

म्हणून म्हणते, एखाद्या रविवारी या. लवकर या, दिवाळीच्या आधी. सिस्टर असतील, स्टूलही असेल. आणि तुमची खुर्ची मी आधीच मांडून ठेवते. कुणाला उठावं लागणार नाही.