भोईरसाहेबांच्या नाकाखालून गेलेला माल

सत्तेचाळीस साली गोरे साहेब बोटीत बसून गेले आणि त्याच वर्षी जयदेव भोईरही मुंबई बंदरातली कस्टमची नोकरी संपवून बदलापूरला घरी आले. अंगावरची वर्दी उतरली, रुबाब काही उतरला नाही. पाहुणा दारात आला की त्यांचा हात आधी त्याच्या पिशवीकडे जाई. मग बायकोला, काशीला, ओशाळून सांगावं लागे की भाऊजींनी आपल्यासाठीच भेंडी आणली आहे.

रिकामं बसवेना म्हणून भोईरांनी लेखक व्हायचं ठरवलं. दोन वर्षं खपून चोरट्या मालावर कादंबरी लिहिली. तीत नायिका आली की आधी तिच्या अंगावरच्या जिनसांची यादी येई: बांगड्या सहा, पैकी तडकलेली एक. मुंबईच्या एका मासिकाने ती साभार परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती, की पंचनामा उत्तम झाला आहे.

भोईर इरेला पेटले. शेजाऱ्यांना ओटीवर जमवून स्वतःच वाचू लागले. ‘पंचवीस वर्षांत माझ्या नजरेतून सुईसुद्धा सुटली नाही’ हे वाक्य आलं, तशी जवळच्या सोनिवली गावची म्हातारी कौसाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. ती पूर्वी बंदरावर सुकी मासळी विकायची. हसायला काय झालं, असं भोईरांनी दरडावून विचारलं.

“साहेब, माज्या बोंबलांच्या पाटीत घड्याळं असायची,” ती म्हणाली. “तुमी नाकाला रुमाल लावून म्हणायचा, जा, जा लवकर.”

ओटी हसली. काशीही हसली. भोईर दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दौत-टाक घेऊन सोनिवलीला गेले आणि रीतसर जबानी घ्यायला बसले. टिकटिक ऐकू कशी आली नाही, हा त्यांचा मुख्य सवाल होता. साहेब जवळ आले की आपण मोठमोठ्याने भाव ओरडायचो, असं तिने सांगितलं. ते लिहिताना भोईरांना इतकं हसू लोटलं की दौत कलंडली.

ती जबानी त्याच मासिकाने जशीच्या तशी छापली. मग माणसांची रीघच लागली. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला कापडवाला तोलाराम कराची बंदरातल्या करामती सांगून गेला. अंबरनाथचा एक म्हातारा खलाशी तर दर रविवारी येऊ लागला. पंचावन्न साली या जबान्यांचं पुस्तक निघालं.

कौसाबाईने ते वाचून घेतलं आणि ती रुसली. तिच्या पाटीत एका खेपेला बारा घड्याळं लिहिली होती. बाराने आपली काय इज्जत राहते, असं तिचं म्हणणं होतं. दुसऱ्या आवृत्तीत भोईरांनी मुकाट्याने तीस केली.