सातव्या खांबाचा डाग

म्युझियमच्या दारात संगमरवरी पाटी आहे. राणीच्या काळात पायाचा पहिला दगड कोणत्या लाटसाहेबाने बसवला, ते तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय. एकट्याने बसवला म्हणे. बाकीच्या भिंती, कमानी, काचेचं छप्पर आणि बारा ओतीव लोखंडी खांब बहुधा आपोआप जमिनीतून उगवले असावेत, कारण ते उभे करणाऱ्या एकाचंही नाव कुठे नाही.

या इमारतीची खरी जाणकार रोज सकाळी त्याच पाटीखालून झाडू घेऊन आत जायची. तिला सगळे टकटकमावशी म्हणत. छपराच्या पन्हळी साफ करायचं काम तिला सासऱ्याकडून आलेलं, त्याला तीस वर्षं झाली. आत आल्या आल्या ती पान्याने एकेका खांबावर टकटक करायची आणि कान लावायची. लोक हसायचे. हसोत बापडे! खांब पोकळ होते. छपराचं पाणी त्यांच्या पोटातून उतरायचं, फरशीखालून जायचं आणि अंगणाच्या भिंतीवरच्या बारा लोखंडी माशांच्या तोंडून बाहेर पडायचं. कुठला खांब मोकळा, कुठला तुंबलेला, ते तिला आवाजावरून कळायचं.

इमारतीचा नकाशा काढणारा साहेब भलताच सोवळा. देवमाशाचा सांगाडा टांगलेल्या, देवळासारख्या दालनात सांडपाण्याचा नळ दिसणं त्याला असभ्य वाटलं. म्हणून त्याने पाणी खांबांत लपवलं, खांबांवर वेली आणि माकडं चढवली, आणि नकाशात त्याबद्दल चकार शब्द लिहिला नाही.

मग सल्लागार आले. सातव्या खांबाच्या बुडाशी त्यांना तांबूस ओला डाग दिसला. तेवढ्या डागावर एकशे चाळीस पानांचा अहवाल झाला. खांब खचताहेत, बाराही सिमेंटने भरून घ्यावेत. अंगणातले मासे ‘निव्वळ शोभेचे, शिवाय प्राणिशास्त्राच्या दृष्टीने अशुद्ध’, सबब काढून टाकावेत. सोमवारी काम सुरू.

मावशीचं डोकंच फिरलं. खांब बुजवले की छपराचं पाणी थेट देवमाशाच्या अंगावर! मेल्यावर शंभर वर्षांनी त्याला आंघोळ.

पण तोंड उघडायची पंचाईत होती. डाग तिचाच होता. सातव्या खांबाच्या तोंडावरची जाळी दोन वर्षांपूर्वी तुटली, कबुतरांची पिसं आत गेली, खांब तुंबला. गुडघ्यांपायी तिला छपराच्या त्या कोपऱ्यापर्यंत जाववत नव्हतं. तसं सांगितलं असतं, तर छपराचं काम हातातून गेलं असतं.

“गप्प बस,” दारावर तिकिटं फाडणारा तिचा नवरा म्हणाला. “म्युझियम काय तुझ्या बापाचं आहे?”

“माझ्या नाही, तुमच्या बापाचं आहे. त्यांनी जन्मभर साफ केलंय ते. जरा तरी लाज वाटू द्या.”

सोमवारी सिमेंटच्या गोणी दारात येऊन पडल्या. मावशी संचालकांच्या पुढ्यात उभी राहिली.

“साहेब, आधी एक बादली ओतू द्या. मग खुशाल भरा.”

“मावशी, ही शास्त्रीय बाब आहे,” सल्लागार हसून म्हणाले.

“मग शास्त्रीय पद्धतीने तिकडे माशापाशी उभे राहा. आठव्या.”

गंमत बघायला दोघेही गेले. मावशी कण्हत छपरावर चढली, बादलीत कपड्यांची नीळ कालवली आणि आठव्या खांबाच्या तोंडात रिकामी केली. क्षणभर काही नाही. मग अशुद्ध माशाने घसा साफ केला आणि सल्लागारांच्या पांढऱ्या पँटीवर निळी पिचकारी सोडली.

मावशी खाली आली तेव्हा संचालक गंभीर झाले होते. “खांब पोकळ आहेत, कबूल. पण मग सातव्याचा डाग कसला?”

नवरा लांबून डोळ्यांनी खुणावत होता. जुनं लोखंड आहे, गंजलं असेल, एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण मग सातवा एकटा तरी त्यांनी सिमेंटने भरलाच असता.

“तो माझा,” ती म्हणाली. “जाळी तुटली, मी लपवलं. गुडघे गेलेत माझे, साहेब.”

खांब वाचले. मासे वाचले. छप्पर गेलं. सातवा दुसऱ्याच माणसाने साफ केला आणि मावशीला फुलपाखरांच्या पेट्या पुसायला बसवलं. दोन महिन्यांत दारात दुसरी संगमरवरी पाटी लागली: ‘सल्लागारांच्या सखोल संशोधनातून या वास्तूची दडलेली जलनिस्सारण पद्धती उजेडात आली.’ अक्षरं सोनेरीच. पँटीचा उल्लेख नाही.

मावशी त्या पाटीखालूनही आत गेली. सातव्या खांबाशी थांबून तिने पिशवीतून पाना काढला, टकटक केलं, कान लावला.

“कसा आहे?” दारातून नवऱ्याने विचारलं.

“मोकळा वाजतोय,” ती म्हणाली आणि आठव्याकडे वळली.