फॉर्मवरचा दुसरा रकाना

स्कारबरोच्या एका क्लिनिकमध्ये मी पार्टटाइम रिसेप्शनला बसते. तिथल्या डॉक्टरबाईंनी उभी हयात मल्टिपल स्क्लेरोसिसच्या संशोधनात घातली. या आजारात नसांवरचं आवरण झिजतं आणि पाय ऐकेनासे होतात. पेशंटला बोलवायला बाई स्वतः बाहेर येतात आणि मागून चालत त्याची पावलं बघतात.

मी हक्कांच्या मोर्चांना जाते. बाई मात्र कधी येत नाहीत. मी टोमणा मारला, तर म्हणाल्या, "अगं, आधी यांना बसस्टॉपपर्यंत पोचू दे."

परवा वेअरहाऊसमध्ये काम करणारी एक पेशंट आली. बसून करायचं काम मिळावं म्हणून कंपनीचा फॉर्म भरून हवा होता. चालण्याच्या चाचणीत ती पंचवीस फूट झरझर चालली आणि रडकुंडीला आली. "पायांना आजच मेलं शहाणपण सुचलं!"

डॉक्टरबाईंनी पेनाला टोपण लावलं. "सकाळी ठीकच असतं गं. शिफ्ट करून ये. मी थांबते."

संध्याकाळी ती भिंत धरत आली. तेवढ्याच अंतराला तिला तिप्पट वेळ लागला. फॉर्मवर चालण्याच्या वेळेचा रकाना एकच होता. बाईंनी माझ्याकडून पट्टी घेऊन शेजारी दुसरा आखला, 'शिफ्टनंतर'चा.

मी शाळेपासून मोर्चांची पत्रकं लिहितेय. त्या रेघेइतकं ठाम अजून काही लिहिलेलं नाही.