समदं ऐकणारी पेटी

बसम्मा गप्प बसली आहे, असं शरणप्पाच्या संसारात कधी घडलं नव्हतं. अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली ही पोर लग्न होऊन सोलापुरात आली ती तोंडाचा पट्टा सुरू करूनच. आमटीत मीठ कमी पडलं तरी बोलायची, जास्त पडलं तरी बोलायची. शेजारणी म्हणत, "आंधळ्याला असली बायको दिली ती देवानं इचार करूनच दिली." त्यात टोमणा होता, पण खोटं काही नव्हतं. शरणप्पाचे डोळे लहानपणी देवीच्या रोगात गेले होते. बायकोचा चेहरा म्हणजे त्याला तिचा आवाज. कानडी रीतीनं ती नवऱ्याला "री" अशी हाक मारायची, आणि त्या एका "री"मध्ये त्याला ती रागावली की थकली, सगळं कळायचं.

एकदा तिनं विचारलंही होतं, "री, मी जेवले म्हणाले, तरी तुमाला कसं कळलं जेवले न्हाय ते?"

"तू जेवलीस म्हणालीस, पण आवाज उपाशी होता की."

तेव्हापासून बसम्मा नवऱ्याशी खोटं बोलायच्या भानगडीत पडली नाही.

दोघं राहायची ती खोली एका पद्मशाली विणकर मालकाच्या यंत्रमाग कारखान्याला चिकटून होती. दोघं घरीच कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. या कामाला डोळ्यांपेक्षा बोटं लागतात, आणि शरणप्पाची बोटं चांगली होती. भिंतीपलीकडे माग खटखटत असायचे. नवा पाहुणा आला की दारातूनच ओरडून बोलायचा. या दोघांना मात्र ती खटखट जाणवतच नसे, जसा आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही. उलट माग बंद असले की बसम्मा अवघडायची. दुसऱ्या बाजूला शेजारी, मध्ये नुसता पत्रा. सुट्टीच्या वारी ती चहा घ्या म्हणायचीसुद्धा कुजबुजत. मनातलं बोलायचं ते माग सुरू असताना, खटखटीच्या आडोशाला.

मग तिचा घसा बसला. आधी मिश्रीवर ढकललं, मग सुताच्या धुळीवर. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की गळ्यात वाईट गाठ आहे, आवाजाची पेटी काढावी लागेल. बाई जगेल, पण बोलणार नाही.

बसम्मानं साफ नकार दिला. "मी मुकी जाले तर मी घरात हाय का न्हाय, हे तुमाला कसं कळायचं? त्यापरास मेलेली बरी."

शरणप्पानं देव पाण्यात घातले, शपथा घातल्या. शेवटी तो म्हणाला, "तुजा आवाज मी घरात ठिवून घेतो. टेप आणतो. मग तर जाशील?"

तिनं हातातली कांडी भरून संपवली. मग म्हणाली, "आणा मग. पण चांगला बगून आणा." बगून! दोघांनाही हसू आलं. त्या महिन्यातलं ते एकच हसू.

अठ्ठ्याहत्तर साल होतं. कॅसेटचे टेप नुकते कुठं नव्या पेठेतल्या दुकानांत दिसू लागले होते. दुकानदार सिद्धलिंगप्पा ओळखीचा, मनानं चांगला, पण सवय कुठं जाते? "ह्यो बगा, कसला चकाकतोय! हितं तांबडा दिवा लागतो, ही सुई नाचती." शरणप्पानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अण्णा, दिवा तुमी ठिवा. मला बटणं दावा."

त्यानं बटणांवरून बोटं फिरवली. एका टेपची बटणं सगळी एकसारखी, गुळगुळीत, एकमेकांना चिकटलेली. तो टेप त्यानं बाजूला सारला. दुसऱ्याची बटणं दणकट होती, त्याला वायरीचा वेगळा माइक होता, तोंडाजवळ धरून बोलायचा. तिसऱ्यात माइक आतच होता. शरणप्पानं सिद्धलिंगप्पाला दुकानाच्या पार मागच्या टोकाला उभं केलं आणि नेहमीच्या आवाजात काहीतरी बोलायला सांगितलं. दुपारची वेळ, पेठ पेंगत होती. टेप परत लावला तर सिद्धलिंगप्पा जणू शेजारी बसून बोलत होता, त्याचा श्वाससुद्धा आला.

"ह्याला समदं ऐकू येतं बगा," सिद्धलिंगप्पा फुशारून म्हणाला. "पर घरातल्या माणसाचंच बोलणं भरायचं आसल तर वायरवाला घ्या की. तोंडाजवळचं तेवडंच उचलतो."

शरणप्पा विचारात पडला. दुखऱ्या गळ्याच्या बाईच्या तोंडापुढं ते माइकचं बोंडूक धरायचं? ती लाजणार, भाषण केल्यासारखं बोलणार. त्याला भाषण नको होतं. कांड्या भरताना ती सहज बोलते ते हवं होतं, कोपऱ्यातून, चुलीपासून, पाठमोरी. त्यानं समदं ऐकणारी पेटी घेतली. आवाज भरायला जी दोन बटणं एकदम दाबावी लागतात, त्यांतल्या एकाला त्यानं घरी सुताचा दोरा बांधला, विणकरी गाठ मारून. गाठ लागली की आपलं बटण.

पुढच्या काही दिवसांत बसम्मा बोलली. बसलेल्या घशानं, पण तिच्याच आवाजात. अर्थात माग सुरू असतानाच, कारण एरवी तिला मोकळं बोलता येत नव्हतं. माहेरची विहीर, लग्नात हरवलेली चप्पल, पोटातच गेलेलं मूल, सगळं बोलली. कानडीत एक अंगाईही गायली, जी कुणासाठी गायची राहून गेली होती. मध्ये ती थांबली की शरणप्पा म्हणायचा, "अजून बोल की." ती बोलायची. टेप उलटा फिरवून दोघं पेटीला कान लावून ऐकत, आणि शरणप्पाला तिचा शब्द न् शब्द लागत होता. आताच ऐकलेले शब्द ते, न लागायला काय झालं? आणि टेपमधली खटखट भिंतीपलीकडच्या खटखटीत मिसळून जात होती. शहाणी माणसं म्हणतील, सुट्टीच्या वारी भरायचा होता आवाज. शहाण्यांचं काय जातं म्हणायला!

बसम्मा हसत दवाखान्यात गेली. जाताना म्हणाली, "आता काय, मी हाय की पेटीत."

ती परत आली ती गळ्याला भोक घेऊन. श्वासाचा बारीक सूं सूं आवाज तेवढा यायचा. बांगड्या वाजवून ती आपण कुठं आहोत ते सांगायची. काही विचारलं की शरणप्पाचा तळवा आपल्या डोक्यावर ठेवायची आणि मान हलवायची. एवढीच भाषा उरली होती.

पहिल्या सुट्टीच्या वारी माग थांबले. बसम्मा भाकरी थापत होती. शरणप्पानं पेटी मांडीवर घेतली आणि बटण दाबलं.

खटखट, खटखट, खटखट.

आधी त्याला वाटलं, कुणीतरी माग सुरू केला. मग कळलं. जे कानांनी आयुष्यभर बाजूला सारलं होतं, ते पेटीनं इमानदारीत भरून घेतलं होतं. पाठीमागं कुठंतरी तिचा आवाज होता, खाली दबलेला, शब्दच लागेनात. विहीर गेली, चप्पल गेली, अंगाई गेली. दुकानात आपणच निवडून आणलेली ही पेटी, समदं ऐकणारी. तो पेटीला कान लावून ऐकत राहिला. भाकरी थापायचा आवाज थांबला होता. तीही ऐकत होती.

टेप संपत आला, आणि एकाएकी खटखट थांबली. भरतेवेळी कारखान्याचा फ्यूज उडाला असेल, सगळे माग एकदम थांबले असतील. त्या फटीतून बसम्मा स्वच्छ बोलली, अगदी जवळून:

"री, साकु की आता. घसा लई दुकतोय."

साकु, म्हणजे पुरे. आणि मागून त्याचाच आवाज, "अजून थोडं बोल की." मग माग पुन्हा सुरू झाले.

तेव्हा हे वाक्य त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. अख्ख्या पेटीत तिचं तेवढं एकच बोलणं धड उरलं होतं. शरणप्पानं गाठ नसलेलं बटण चाचपून टेप बंद केला. त्याला रडू आवरेना.

बांगड्या वाजत जवळ आल्या. पिठाच्या हातानं तिनं त्याचा हात धरला.

"दुकतंय का गं अजून?" त्यानं विचारलं.

तिनं त्याचा तळवा डोक्यावर ठेवला आणि मान हलवली. नाही. तो तळवा तसाच ठेवून थांबला. तिला बोलता आलं असतं, तर ती खरं सांगते की खोटं, हे त्याला पहिल्या शब्दातच कळलं असतं.