माझ्या गाडीचं गिअर ऑइल आणि आमची स्टाफरूम

स्टाफरूममध्ये खडूच्या तुकड्यांइतकेच किस्से साठतात, आणि तेही कुणी झाडून काढत नाही. शिरोड्याकडच्या आमच्या शाळेतले बरेचसे माझ्या गाडीचे आहेत. बाकीचे शिक्षक ते हसत हसत सांगतात. मला सांगताना अजून संताप येतो, तेव्हा ऐकायचेच असतील तर तसेच ऐका.

आधी एक समजून घ्या. लहानपणीच्या पोलिओने माझा डावा पाय अधू आहे, क्लच दाबता येत नाही. वीस वर्षं कुणाच्या तरी स्कूटरमागे बसून शाळा गाठली, मग ही सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. ती बंद पडली की मी पुन्हा फाटकात उभी, कुणाची स्कूटर येते का बघत.

*

गाडी गिअर बदलताना धक्के द्यायला लागली. गाडीचं पुस्तक वाचलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं, तेल आणि फिल्टर बदला. हे मी स्टाफरूममध्ये बोलले, तिथेच चुकले.

पीटीचे गावडे सर म्हणाले, "बाईनू, ऑटोमॅटिकचा तेल जन्मभर टिकता. हात लावलात तर गाडी गेली समजा."

"सर, पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकात काय, सगळाच लिवतत."

हा माणूस शिक्षक आहे!

*

आठवड्याभरात गावडे सरांनी कुठलातरी व्हिडिओ बघितला. लगेच फर्मान निघालं: तेल बदलायलाच हवं, येत्या रविवारी, माझ्याच अंगणात. आमचे हेडक्लार्क तात्याही मदतीला आले. मी शास्त्र शिकवते. तेल मी मागवलं, फिल्टर मी मागवला, पानेसुद्धा माझे. आणि मला काम काय दिलं? चहा!

*

जेवढं जुनं तेल निघेल तेवढंच नवं घालायचं, म्हणून मी मापाचा जग आणून ठेवला होता. चहा घेऊन बाहेर आले तर जुनं तेल धरलेलं घमेलं रिकामं. आमच्याकडे जुनं तेल दिसलं की माणसाला आधी वाळवी आठवते. तात्यांनी ते सगळं माझ्या लाकडांच्या खोपीच्या खांबांना फासलं होतं. वर दुसरा हातही मारला होता!

"किती होतं तेल?" मी विचारलं.

तात्यांनी खोपीकडे बघून हिशेब केला. "चार खांबांचा."

मग गावडे सरांनी अंदाजाने ओतलं.

*

सोमवारी भर चढावर गाडी थांबली. एक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, चाक हलायचं नाही. मागे एसटीचा हॉर्न. तेवढ्यात गावडे सर स्कूटरवरून आले, थांबले आणि म्हणाले, "मी म्हटलेलंय ना, हात लावू नकात?"

त्या दिवशी मी त्यांच्याच स्कूटरमागे बसून शाळेत गेले. याहून मोठा अपमान मला आठवत नाही.

*

गाडी टो करून घरी आणली. पुढच्या रविवारी फाटकाला आतून कुलूप घातलं, गाडी जॅकने उचलून स्टँडवर घेतली आणि चटई टाकून स्वतःच खाली शिरले. जुन्या फिल्टरची रबरी रिंग वर तशीच चिकटलेली, आणि नवा फिल्टर तिच्यावरच दाबून बसवलेला! फटीतून हवा शिरायची, तेल वर खेचलंच जात नव्हतं. रिंग काढली, फिल्टर नीट बसवला. गाडी खाली घेऊन, इंजिन चालू ठेवून, डिपस्टिकवरच्या खुणेपर्यंत थोडं थोडं तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी चढ एका दमात पार.

स्टाफरूममध्ये गावडे सर शांतपणे म्हणाले, "बघा, आमी घातलेला तेल आता मुरला."

मी खडूचा डबा टेबलावर आपटला. अर्धे खडू मोडले.

*

पुढे गावडे सरांनीही ऑटोमॅटिक घेतली. एका रविवारी ते क्रिकेटच्या मॅचला गेले असताना ती गाडी माझ्या फाटकाशी येऊन थांबली. चालवत होत्या गावडे वहिनी. डिकीत नवा फिल्टर आणि तेलाचे डबे.

"बाईनू, ह्येंनी पुढच्या आयतवारी तेल बदलूचा ठरवल्यानी. तुमी आजच बदला. तेंका सांगा नकात."

"अहो, पण पुढच्या रविवारी ते गाडी उघडतीलच ना?"

वहिनींनी चावी माझ्या हातात ठेवली.

"पुढच्या आयतवारी मी तेंका घेवन दोडामार्गाक माझ्या म्हायेराक जातंय. गाडी मीच चालवतलंय."