मागचा खटका

काल लेकीनं नव्या कॉम्प्युटरचं खोकं फोडलं आणि त्या कोऱ्या प्लास्टिकच्या वासासरशी मला दादाचा फाटलेला ओठ दिसला.

भिलाईच्या आमच्या क्वार्टरमध्ये दादानं पार्ट जोडून कॉम्प्युटर बनवला होता. शेवटच्या वायरी खोचताना त्याचा हात आत होता, म्हणून बाबांनी कॅबिनेटच्या मागचा विजेचा खटका गुपचूप बंद केला. मशीनमध्ये माणसाचा हात असला की करंट तोडायचा, ही त्यांची स्टील प्लांटमधली सवय. मग ते विसरले.

दादानं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा उघडलं, रॅम काढून बसवली, तरी नाही.

"कावून चालू होऊन नाही राहिलं? भंगार आणलं तू!" बाबा ओरडले.

"तुमाले काय समजते यातलं?"

बाबांनी सेफ्टी बूट उचलला. लोखंडी टोकाचा तो बूट दादाच्या तोंडावर बसला, मग पाठीवर, मग पुन्हा तोंडावर. लोक बाबांना तापट म्हणत. तापट नव्हे, मारकुटे होते.

दादा बाहेर स्कूटरला किक मारू लागला. कॅबिनेटवरचं रक्त पुसताना मला खटका दिसला. तो दाबून मी बटण दाबलं, तर पंखा फिरला.

बाबा अनवाणी धावले. "अरे थांब! चालू झालं! मीच बंद केलं होतं!"

दादानं वळून पाहिलं. बूट अजून बाबांच्या हातातच होता. त्यानं स्कूटर पळवली, ती आजवर परतली नाही.